थांब्याची जागा आणि विधिमंडळाची देखरेख

आंबा नदी जिथे रुंदावून धरमतरची खाडी होते, त्या खोऱ्यात खारभूमीच्या भातशेतीला लागून वसलेले गडब हे पेण तालुक्यातील गाव मुंबई–गोवा महामार्गावर वडखळ आणि नागोठणे यांच्या दरम्यान येते. महामार्गाचा जो भाग गावाच्या दारातून जातो, त्यावर आज निदान चार वेगवेगळ्या अधिकाऱ्यांचे हुकूम चालतात: रस्ता भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, थांबणारी एस.टी. राज्य मार्ग परिवहन महामंडळाची, प्रवासी घेणाऱ्या मिनीडोर रिक्षाचा परवाना प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचा, आणि साइडपट्टीवर उभ्या केलेल्या मालमोटारीवरील कारवाई पोलिसांची. यांपैकी पहिले प्राधिकरण संसदेला उत्तरदायी आहे आणि उरलेली तिन्ही राज्याच्या विधानमंडळाला. त्यामुळे एकाच रस्त्याची एक बाजू दिल्लीतील समितीपुढे तपासली जाते आणि दुसरी मुंबईतील समितीपुढे, तर गाडी नेमकी कुठे थांबेल हा गावाला सर्वांत जवळचा प्रश्न बहुधा दोन्हींच्या मधल्या फटीत राहतो. ही विभागणी एका दिवसात झालेली नाही. तिच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात लोकप्रतिनिधींनी रस्त्याचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला त्या प्रसंगापासून होते.

त्याआधीची स्थिती थोडक्यात सांगता येते. एकोणिसाव्या शतकात कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याचा खरा राजमार्ग पाण्याचा होता. पेणचे मीठ आणि खारेपाटातील भात पडावांतून व मचव्यांतून मुंबईला जाई, आगबोटी धरमतरपर्यंत येत, आणि तेथून पुढे पेणमार्गे खोपोलीकडे बैलगाडीचा रस्ता निघे. जमिनीवरच्या रस्त्यांचा खर्च बहुतांशी लोकल फंडातून चाले. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा या हिशेबाने घेतल्या जाणाऱ्या पट्टीला हे नाव होते. १८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली, पण त्यांची मिळकत शेतसाऱ्याला बांधलेली असल्यामुळे जो तालुका गरीब, त्याचा रस्ताही गरीब, हे गणित बदलले नाही. १९१९ च्या सुधारणा कायद्याने द्विदल राज्यपद्धती आणली, म्हणजे प्रांतातील काही खाती गव्हर्नरच्या हाती राखीव ठेवून उरलेली विधिमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे सोपवली. रस्ते हे असे सोपीव खाते ठरले. प्रांतिक कौन्सिलातील सभासदाला रस्त्याविषयी मंत्र्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला. तथापि मंत्र्याजवळ पैसा नव्हता, आणि ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकच असते.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या वाढू लागली, तेव्हा ही तूट उघडी पडली. बैलगाडीच्या चाकांसाठी बांधलेले खडीचे रस्ते मोटारीच्या टायरांखाली उखडू लागले, मोटारी जिल्ह्याची हद्द ओलांडून धावू लागल्या आणि दुरुस्तीचा बोजा मात्र हद्दीतल्या बोर्डावरच राहिला. या पार्श्वभूमीवर १९२७ साली मध्यवर्ती कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सभासदांची एक समिती नेमण्यात आली, आणि तिचे अध्यक्षपद मुंबई शहरातून मध्यवर्ती विधानसभेवर निवडून आलेले बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्याकडे आले. जयकरांचे नाव मराठी वाचकाला सप्रू–जयकर शिष्टाईमुळे, पुणे विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरुपदामुळे आणि तेथील त्यांच्या नावाच्या ग्रंथालयामुळे परिचित आहे. रस्त्यांच्या इतिहासातील त्यांचे स्थान मराठीत फारसे नोंदले गेलेले नाही, ही खरी उणीव आहे, कारण देशातील रस्त्यांच्या प्रशासनाच्या पुढच्या अनेक संस्था त्यांच्या समितीच्या अहवालातून उगवल्या.

समितीसमोर तीन प्रश्न होते: रस्त्यांचा विकास करणे इष्ट आहे काय, त्यासाठी पैसा कुठून आणावा, आणि या कामासाठी एखादे मध्यवर्ती मंडळ असावे काय. १९२८ साली सादर झालेल्या अहवालात समितीने स्पष्ट निष्कर्ष काढला की रस्त्यांचे काम आता प्रांतिक सरकारांच्या आणि स्थानिक संस्थांच्या आर्थिक आवाक्याबाहेर गेले असून ते राष्ट्रीय हिताचे झाले आहे, म्हणून त्याचा काही भार मध्यवर्ती तिजोरीने उचलावा. पैसा उभा करण्यासाठी पेट्रोलवर जादा कर बसवावा, म्हणजे जो रस्ता वापरतो त्याच्याकडूनच रस्त्याचा खर्च निघेल, अशी तिची शिफारस होती. त्यानुसार मार्च १९२९ पासून पेट्रोलवरील कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आण्यांवर नेण्यात आला, आणि वाढीव दोन आण्यांचे उत्पन्न स्वतंत्र रस्ते निधीत जमा होऊ लागले. समितीने सुचवलेल्या तांत्रिक संस्थेच्या कल्पनेतून डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली, आणि संशोधनाविषयीच्या सूचनेची परिणती स्वातंत्र्यानंतर दिल्लीतील केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेत झाली.

या साऱ्याहून महत्त्वाचा पण कमी परिचित भाग पैशावरील देखरेखीचा आहे. रस्ते निधी कसा खर्च व्हावा याविषयी मध्यवर्ती विधानसभेने फेब्रुवारी १९३० मध्ये एक ठराव संमत केला, आणि त्या ठरावातच दरवर्षी रस्त्यांसाठी एक स्थायी समिती घडवण्याची तरतूद होती. रस्त्यांचे खाते सांभाळणारा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा सभासद हा तिचा अध्यक्ष, दोन नेमलेले सभासद, राज्य परिषदेने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, निवडलेले तीन आणि विधानसभेने निवडलेले सहा, अशी तिची रचना होती. निधीतील दहावा भाग मध्यवर्ती सरकार राखून ठेवी, १९३४ च्या ठरावाने हा वाटा पंधरा टक्के झाला, आणि उरलेली रक्कम प्रांताप्रांतांत पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात वाटली जाई. निधीतून करावयाच्या खर्चाचे प्रस्ताव या समितीपुढे येत. निवडून आलेल्या सभासदांची संख्या अध्यक्ष धरून इतरांच्या तिप्पट असलेली, आणि खर्च होऊन गेल्यावर नव्हे तर खर्चाचा विचार चालू असतानाच कागद पाहणारी अशी समिती त्या काळच्या परकीय राजवटीत लक्षणीय होती. १९२१ साली सुरू झालेली लोकलेखा समिती झालेल्या खर्चाचा हिशेब मागे वळून तपासत असे, तर रस्ते समिती होऊ घातलेल्या खर्चाकडे पाहत असे. हा भेद लहान वाटला तरी देखरेखीच्या दृष्टीने तोच निर्णायक आहे.

या व्यवस्थेचा एक तोटाही होता आणि तो कुलाब्यासारख्या जिल्ह्याला जाणवणारा होता. पेट्रोलच्या खपावर वाटणी ठरल्यामुळे मुंबई शहरातील मोटारींमुळे मुंबई प्रांताचा वाटा मोठा होई, परंतु तो वाटा प्रांतात कुठे खर्चावा हे ठरवताना खाडीकाठच्या, मोटारी जवळजवळ नसलेल्या तालुक्याची बाजू मांडायला आकडा नव्हता. जिथे रस्ता नाही तिथे मोटार नाही, जिथे मोटार नाही तिथे पेट्रोलचा खप नाही, आणि खप नाही म्हणून रस्त्याची निकड दिसत नाही, असा हा फेरा होता. डिसेंबर १९४३ मध्ये देशातील मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांचे राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग असे वर्ग पाडून कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ठरावीक अंतराहून दूर राहू नये असे उद्दिष्ट ठेवले, तेव्हा प्रथमच पेट्रोलऐवजी वस्ती हे माप झाले. नागपूर योजनेचे हे मोठेपण मान्य करूनही एक गोष्ट नोंदवली पाहिजे की ती अभियंत्यांची योजना होती, आणि रस्त्याच्या चर्चेचे केंद्र सभासदांच्या मेजावरून अभियंत्यांच्या नकाशाकडे सरकण्याची सुरुवातही तिथूनच झाली.

रस्ता बांधणे आणि रस्त्यावरील वाहतुकीला नियम लावणे ही दोन कामे याच काळात एकमेकांपासून वेगळी होत होती. १९३०च्या दशकात मोटारबशी रेल्वेचे प्रवासी पळवतात ही तक्रार जोर धरू लागली. मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी या स्पर्धेविषयी अहवाल दिला, १९३३ मध्ये सिमल्याला परिषद भरली, आणि त्या वादातून १९३९ चा मोटार वाहन कायदा तयार झाला. या कायद्याने भाड्याने प्रवासी नेणाऱ्या प्रत्येक गाडीला परवाना आवश्यक केला आणि परवाने देण्यासाठी प्रादेशिक परिवहन प्राधिकरणे निर्माण केली. उभ्या गाडीचा प्रश्नही याच कायद्यात आला. त्याच्या कलम ७६ नुसार प्रांतिक सरकारला, किंवा सरकारने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याला, त्या भागातील स्थानिक संस्थेचा सल्ला घेऊन गाड्या कुठे उभ्या राहतील आणि प्रवासी वाहने कुठे थांबतील हे ठरवता येत असे. ‘स्थानिक संस्थेचा सल्ला घेऊन’ हे शब्द म्हणजे गावाला रस्त्याच्या कारभारात मिळालेली एकमेव अधिकृत जागा होय, आणि या लेखाच्या दृष्टीने संपूर्ण कायद्यातील सर्वांत मोलाचे शब्द तेच आहेत.

या शब्दांवर लक्ष कोणी ठेवायचे, हा मात्र प्रश्न होता. कायद्याखाली सरकार जे नियम करते त्यांना दुय्यम विधान म्हणतात. विधिमंडळ कायद्याचा सांगाडा उभारते आणि तपशील भरण्याचे काम सरकारकडे सोपवते, म्हणून तो तपशील पुन्हा सभागृहाच्या नजरेखाली यावा यासाठी नियम पटलावर ठेवण्याची पद्धत असते. १९३९ च्या कायद्याखालील नियम किमान १४ दिवस सभागृहाच्या पटलावर ठेवावे लागत आणि सभागृहाला त्यांत बदल करता येत असे. स्वातंत्र्यानंतर लोकसभेत १९५३ साली दुय्यम विधानासाठी स्वतंत्र समिती स्थापन झाली. महाराष्ट्र विधानमंडळात हे काम उपविधान समिती करते: नियम मूळ कायद्याच्या मर्यादेत आहेत काय, ते वेळेवर पटलावर आले काय, त्यांनी नागरिकावर कायद्याला अभिप्रेत नसलेला बोजा टाकला काय, हे ती पाहते. पण अमुक गावाच्या हद्दीत अमुक ठिकाणी गाड्या थांबतील, हा नियम नसून नियमाखाली काढलेला आदेश असतो. नियम पटलावर जातो, तर आदेश कार्यालयाच्या फायलीत राहतो. म्हणजे सल्ला घेण्याचे बंधन कायद्यात असले तरी तो सल्ला खरोखर घेतला गेला की नाही, हे समितीच्या कामाच्या कक्षेत आपोआप येत नाही.

सार्वजनिक वाहतुकीची गोष्ट निराळ्या वळणाने गेली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर मुंबई सरकारची पहिली बस धावली, १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली महामंडळ उभे राहिले, आणि १९५६ साली मोटार वाहन कायद्यात घातलेल्या चौथ्या-अ प्रकरणामुळे एखादा मार्ग पूर्णपणे महामंडळासाठी राखून ठेवण्याच्या योजनेला पक्का कायदेशीर आधार मिळाला. रेल्वे १९८०च्या दशकापर्यंत रोह्याला पोहोचलेली नव्हती. त्यामुळे पेण–नागोठणे पट्ट्यातील गावांना तालुक्याला, दवाखान्याला आणि शाळा-कॉलेजाला नेणारे साधन म्हणजे एस.टी. होती. गाडी अधिकृत थांब्यावर थांबे, आणि जिथे प्रवासी हात दाखवील तिथे थांबण्यासाठी ‘विनंती थांबा’ अशी सोय असे. महामंडळाच्या कारभाराची तपासणी विधानमंडळाची सार्वजनिक उपक्रम समिती करते. ती महालेखापरीक्षकांच्या अहवालाच्या आधारे तोटा, बसखरेदी, इंधन, फेऱ्या यांविषयी अधिकाऱ्यांची साक्ष घेते आणि शिफारशी करते. हे काम आवश्यकच आहे. परंतु हिशेबाच्या तक्त्यात फेरी दिसते, थांबा दिसत नाही.

कुलाबा जिल्ह्याच्या वाट्याला या इतिहासात एक विलक्षण योगायोग आला होता. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाब्यातून लोकसभेवर गेलेले चिंतामणराव देशमुख हे रोह्याच्या घराण्यातले, आणि तेच तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते. पेट्रोलकरातून भरणारी तिजोरी त्यांच्याच खात्याच्या हाती होती. मुंबई महाराष्ट्रात असावी की नाही या प्रश्नावर जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय महामार्ग कायदा झाला, ज्याने महामार्गांची मालकी केंद्राकडे दिली. स्थानिक संस्था, प्रांत आणि मध्यवर्ती सत्ता यांच्यात भार वाटून घ्यावा, ही जयकर समितीची मूळ कल्पना होती. १९५६ नंतर महामार्गापुरता भार केंद्राकडे गेला आणि त्याबरोबर प्रश्न विचारण्याची जागाही. १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण निर्माण झाले, तेव्हा केंद्र सरकार आणि रस्ता यांच्यामध्ये आणखी एक संस्था उभी राहिली.

संसदेत विभागवार स्थायी समित्या एप्रिल १९९३ मध्ये सुरू झाल्या, आणि रस्ते हा विषय परिवहन, पर्यटन व संस्कृतीविषयक समितीकडे आला. ती मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या तपासते, विधेयकांवर अहवाल देते, आणि तिच्या शिफारशींवर सरकारने काय केले याचे उत्तर घेऊन पुन्हा अहवाल मांडते. तिची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. १९३० च्या समितीपेक्षा हिचा आवाका कितीतरी मोठा आहे, आणि तिच्यात केवळ संसद सदस्यांना स्थान आहे, मंत्र्याला नाही. पण एखादा रस्ता मंजूर होण्यापूर्वी त्याचा कागद तिच्यापुढे जात नाही.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, हे पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाने दाखवले. गडब या टप्प्यातच येते. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीने २०११ मध्ये सुरू झालेले हे काम कर्नाळा अभयारण्याची वनपरवानगी, भूसंपादन आणि ठेकेदाराची आर्थिक अडचण अशा कारणांनी वर्षानुवर्षे रखडले, आणि पूर्णत्वाची मुदत एकामागून एक उलटत गेली. हा टप्पा महामार्ग प्राधिकरणाकडे आणि इंदापूरच्या पुढचा भाग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागामार्फत, अशी वाटणी असल्यामुळे कोकणातील आमदारांनी विधानसभेत प्रश्न विचारला की या टप्प्याविषयी राज्याचा मंत्री केंद्राकडे बोट दाखवू शकत असे. मंत्र्याने सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करण्यासाठी आश्वासन समिती असते, परंतु जे काम राज्याच्या हाती नाही त्याविषयीचा शब्द ती कोणाकडे मागणार? शेवटी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि खड्ड्यांपासून मुदतीपर्यंतचे तपशील न्यायाधीशांपुढे मांडले गेले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळून दोन एस.टी. गाड्या वाहून गेल्या, तेव्हाही चौकशी न्यायालयीन आयोगाकडेच सोपवली गेली. लोकप्रतिनिधींच्या समितीचे काम न्यायालयांना करावे लागणे हे न्यायालयांचे श्रेय आहे, परंतु विधिमंडळांसाठी ती गंभीर बाब आहे.

मोटार वाहन कायदा मात्र समित्यांच्या हातून भरपूर तावूनसुलाखून गेला. १९८८ चा कायदा सुधारण्यासाठी २०१६ मध्ये आणलेले विधेयक परिवहनविषयक स्थायी समितीने तपासले, तिचा अहवाल फेब्रुवारी २०१७ मध्ये आला, लोकसभेने ते संमत केल्यावर राज्यसभेने ते विनय सहस्रबुद्धे यांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीकडे पाठवले, आणि त्या समितीनेही डिसेंबर २०१७ मध्ये अहवाल दिला. पुढे लोकसभेची मुदत संपल्याने विधेयक व्यपगत झाले आणि २०१९ मध्ये नव्याने आणून संमत करण्यात आले. सार्वजनिक चर्चा दंडाच्या रकमांभोवती फिरली. महाराष्ट्रात तर वाढीव तडजोड रकमांची अधिसूचना डिसेंबर २०२१ पर्यंत लांबली. रस्त्याची सदोष रचना किंवा देखभाल यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व आल्यास रस्ता बांधणाऱ्या व सांभाळणाऱ्या यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड, ही कलम १९८-अ ची तरतूद त्या गदारोळात मागे पडली, वास्तविक ती या देशाच्या वाहतूक कायद्यातील नवी दिशा होती.

त्याहूनही शांतपणे एक बदल कलम ११७ मध्ये झाला. १९३९ चे कलम ७६ हेच १९८८ च्या कायद्यात कलम ११७ होऊन आले होते, आणि स्थानिक संस्थेचा सल्ला घेण्याचे शब्द त्यात कायम होते. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला दोन परंतुके, म्हणजे मूळ तरतुदीला जोडलेल्या अटी, लावली. पहिल्याने जागा ठरवताना रस्ता वापरणाऱ्यांच्या सुरक्षिततेला आणि वाहतुकीच्या अखंड प्रवाहाला प्राधान्य द्यावे असे सांगितले. दुसऱ्याने अशा जागा ठरवण्याचा अधिकार राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणालाही दिला, आणि त्या परंतुकाच्या शब्दांत स्थानिक संस्थेच्या सल्ल्याचा पुन्हा उल्लेख नाही. अखंड प्रवाह आणि थांबा या दोन गोष्टींत ओढाताण असते. शेजारच्या डोलवी गावातील कारखान्याकडे जाणाऱ्या मालमोटारींची रांग, मुंबई–गोवा गाड्यांचा वेग आणि पेणला जाण्यासाठी रस्ता ओलांडून उभी असलेली गडबची बाई, यांपैकी प्रवाहाची बाजू मांडायला प्राधिकरण आहे. थांब्याची बाजू मांडायला १९३९ पासून ग्रामपंचायतीचा सल्ला एवढेच साधन होते.

ते साधन अद्याप कायद्यात आहे आणि ते वापरता येते. ग्रामपंचायतीने थांबा, गाड्या उभ्या करण्याची जागा आणि रस्ता ओलांडण्याची सोय यांविषयी ठराव करून तो राज्याच्या परिवहन प्राधिकाऱ्याला आणि महामार्ग प्राधिकरणाला एकाच वेळी पाठवला, तर कलम ११७ खालील आदेशाच्या फायलीत सल्ल्याचा कागद निदान दाखल होतो. त्यावर आदेश निघाला नाही, किंवा ठराव न विचारता निघाला, तर विधानमंडळाच्या आणि लोकसभेच्या विनंती अर्ज समित्यांचे दार उघडे आहे. नागरिकांचा अर्ज सभासदाच्या प्रतिस्वाक्षरीने सभागृहात सादर करता येतो आणि समिती संबंधित खात्याकडून लेखी खुलासा मागवू शकते. एकाच मजकुराचा अर्ज दोन्ही सभागृहांत दिला, तर पेणचा आमदार आणि रायगडचा खासदार यांच्या सहीने महामार्गाच्या दोन्ही बाजू प्रथमच एका कागदावर येतील.